काळा वारा आणि डावीकडची भिंत

मेहकर, सोमवार

वडीलकीच्या मानाचे अर्जुनराव यांना बहिणीच्या नवऱ्याचा तुमच्या देऊळघाटापर्यंत पोचेल एवढा वाकून रामराम. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते कळवावे. तुमची खुशाली गोजरबाईकडून कळते, पण तिच्या सांगण्यात तुम्ही सदा ठणठणीतच असता. (भावाचा आजार तिला दिसत नाही, नवऱ्याचा लांबून दिसतो.) फोनच केला असता, पण जन्म मोटारींच्या आवाजात गेल्यामुळे मी फोनवर बोललो की अख्खी गल्ली ऐकते. म्हणून हा कागद.

माणसाला स्वतःचे पोट आतून पाहायचे असेल तर त्याला काय पडते? पैशाचे सोडा. मला पडले ते असे: सकाळचा चहा, दुपारची भाकर, बाटलीभर बेचव औषधपाणी आणि कमरेचा चांदीचा करदोडा. पोटात कळा यायच्या म्हणून बुलढाण्याला स्कॅन काढायला गेलो, तर अंगावर धातू चालत नाही, काढा म्हणाले. आपल्यात पुरुषाचा करदोडा कधी काढतात हे तुम्हाला सांगायला नको. (तेव्हा तो पुरुष काही बोलत नसतो.) कडी जाम झालेली, सुटेना. शेवटी माझ्याच पिशवीतल्या पकडीने मीच तोडला. पण अर्जुनराव, भीती म्हणाल तर नावाला नाही. मशीनमध्ये दगडासारखा पडून होतो.

आणि मशीन तरी काय, महाराज! मी आजवर हजारो मोटारींचे वाइंडिंग केले, पण एवढे मोठे पोकळ कवच पाहिले नव्हते, आणि त्यात फिरत्या दांड्याच्या जागी मला सरकवतील असे तर स्वप्नातही नव्हते. तुम्ही जाणता, मी शाळेत फार शिकलो नाही, जे शिकलो ते कानाने. बोअरमधली मोटार वर न काढता, नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेले की तार जळाली ते सांगतो. त्यावरच दुकान उभे राहिले. तर माझ्या पोटाभोवती ते धूड गरगर फिरत होते आणि बेअरिंगचा आवाज कसा, तर मांजर घरात यावी इतका. पोटाची कळ विसरून मला हात जोडावेसे वाटले. (हात वर धरायला लावले होते, त्यामुळे जोडता आले नाहीत.)

फोटो त्याच दिवशी मिळाले, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. तेवढा धीर कुणाला? आपल्याकडे एक्स-रे उन्हात धरून वाचायची रीत आहे, तशी आम्ही ती मोठी काळी फिल्म गच्चीवर सूर्याला दाखवली. पोळ्यांच्या चळतीसारखे माझे पोट आडवे कापलेले, एकेक चकती वेगळी. त्यात जागोजागी काळेकुट्ट डाग. गोजरबाई म्हणाली, "हे तं सारं जयून गेलं वो." शेजारच्या सुभद्राबाई आल्या, त्यांनी आपल्या दिराच्या पोटातही अस्साच डाग होता असे सांगितले आणि तो दीर आता कुठे आहे ते सांगितले नाही. मी घरचा जाणता म्हणून फिल्म हातात घेतली आणि जाहीर केले की डाग राहू द्या, माझे काळीजच चुकीच्या बाजूला बसवले आहे. सूनबाई निशिगंधा रिपोर्ट येऊ द्या म्हणत होती. तिला कुणी बोलू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच बुलढाण्याला गेलो. डॉक्टर मंजुश्री म्हणून पोरीच्या वयाच्या बाई आहेत. त्यांनी कॉम्प्युटरच्या माउसचे चाक फिरवले आणि अर्जुनराव, माझे पोट चालू झाले! वरून खाली, चकतीमागून चकती. पाठीच्या मणक्याचे पांढरे फूल, त्यापुढे नाण्यासारखी रक्ताची मोठी नळी, दोन बाजूंना दोन मूत्रपिंडे. आणि मोठे आतडे तर शहाण्या गवंड्याने काढलेल्या नालीसारखे: उजवीकडून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली. एवढा कारखाना माझ्या शर्टाखाली आयुष्यभर बिनबोभाट चालला आणि माझ्यासारख्या कानाच्या माणसाला त्याचा पत्ता नाही. काळीज उलट्या बाजूला का, असे विचारले, तर त्या म्हणाल्या की हा फोटो पायाकडून पाहतात, म्हणून तुमची उजवी बाजू इथे डावीकडे दिसते. मी कपाळावर हात मारला. पंख्याच्या बाजूने उजवी फिरणारी मोटार दुसऱ्या टोकाकडून डावी फिरताना दिसते, हे मी पोरांना शिकवतो आणि स्वतःच्या पोटाला ते लावले नाही. काळ्या डागांचे विचारले, तर बाई हसल्या. "काका, काळं आहे तो वारा आहे. तो सगळ्यांच्या पोटात असतो."

मग त्यांनी हसणे थांबवले आणि आतड्याच्या डावीकडच्या खालच्या वळणावर बोट ठेवले. तिथे काळे नव्हते, पांढरे नव्हते, नुसते राखाडी. गच्चीवर आम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. "इथं आतड्याची भिंत जाड झाली आहे. सूज असेल किंवा दुसरं काही. का जाड आहे ते चित्र सांगत नाही. दुर्बीण आत घालून तुकडा घ्यावा लागेल." नुसत्या बोलण्यावरून माणूस काय लपवतो ते मला कळते. बाई काही लपवत नव्हत्या. त्यांनाच ठाऊक नव्हते, आणि तेच मला जास्त लागले.

घरी येऊन मी वारा निघाला एवढेच सांगितले. (खोटे नाही.) गोजरबाईने गल्लीत गूळ वाटला.

मुलांना आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

आपला,
उत्तमराव

ता. क. दुर्बीण शुक्रवारी आहे. गुंगीचे औषध देतात, सोबत घरचा माणूस लागतो. तुम्ही गुरुवारीच मुक्कामाला या आणि त्या भिंतीचे गोजरबाईला तुम्ही सांगा. गूळ वाटून आलेल्या बाईला ते माझ्याच्याने सांगवत नाही. तुम्ही आलात तर मी जाईन. नाही आलात तर बहुतेक जाणार नाही, हे मला आतापासून दिसते आहे.

ता. क. दुसरा. तो स्कॅन दोनदा काढावा लागला. पहिल्या वेळी मी थरथरत होतो, फोटो हलला.