दीपावळीला न येणाऱ्या भावंडांस

मी अंबुजाबाई, कै. वेंकटरमणराव यांची एकुलती मुलगी, वय बाहत्तर, राहणार कुंभकोणम, जिल्हा तंजावर, आज हे लिहवून ठेवते. डोळ्यांना कमी दिसते आणि गुडघे माझे ऐकत नाहीत, पण डोके जागेवर आहे. डॉक्टर वरदराज यांनी आज सकाळी मला वार विचारला, महिना विचारला, बारा सत्ते विचारले. मी सगळे बरोबर सांगितले आणि उलट त्यांना सतरा नव्वे विचारले, तेव्हा तेच अडखळले. म्हणून माझ्या शुद्धीविषयी मागाहून कोणी शंका काढू नये. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी जोरही केलेला नाही. जोर करायला घरात कोणी येतच नाही, हेच तर माझे दुखणे आहे.

वकील हनुमंतराव आपलेच, मराठी घरचे. तरी ते म्हणाले, "अंबुजाबाई, तमिळमध्ये लिहू, कचेरीत सोपे जाईल." मी म्हटले, बाजारात मी तमिळ बोलते, डॉक्टरांशी बोलते, पण भावंडांशी जन्मभर मराठीत भांडले, तर शेवटचे भांडणही मराठीतच होऊ द्या. कायद्याचे शब्द हनुमंतरावांचे आहेत, बाकीचे माझे.

मला सख्खे भावंड नाही. थोरल्या काकांचा नरसिंह, म्हणजे नरसू, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा. आता रेल्वेतून निवृत्त होऊन तिरुच्चीला असतो. धाकट्या काकांचा गोपालकृष्ण, त्याला आम्ही किट्टू म्हणतो. हा मद्रासेस शाळामास्तर होता. आणि किट्टूची पाठची बहीण वसंता, मैसूरला मुलाकडे राहते. माझे म्हणून जगात हे तिघे. आठव्या वर्षी तिरुनागेश्वरमच्या घरात माझे लग्न झाले आणि दहाव्या वर्षी संपले. नवऱ्याला मी दोनदा पाहिले. त्याच्याविषयी लिहिण्यासारखे एवढेच, की दुसऱ्या खेपेस त्याने मला एक पेरू दिला होता.

कलम पहिले. माझे क्रियाकर्म नरसू आणि किट्टू यांपैकी जो आधी पोचेल त्याने करावे. दुसरा येतो का, येत असेल तर मी जात नाही, असले टपाल मी ओट्यावर पडले असताना चालू ठेवू नये. खर्चाला लागेल तेवढे पोस्टात आहे, पुस्तक देवघरात आहे. ब्राह्मणभोजनाला भाजक्या उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी करावी आणि तीत हिंग बेताचा घालावा. किट्टूच्या बायकोच्या हाती हिंगाची डबी देऊ नये. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. आता ती माझे काय वाकडे करणार!

कलम दुसरे. स्वयंपाकाची सगळी भांडी शेजारच्या सीतालक्ष्मीस द्यावी. ती नात्याची नाही. पण गेल्या वर्षापासून सकाळी माझे दार वाजवून "पाट्टी, उठलात का?" नातीने आजीला विचारावे तसे विचारणारे माणूस ती एकटीच. मी उठते आहे की नाही, हे कोणीतरी विचारायला हवे.

कलम तिसरे. दीपावळीचे औषध, ज्याला इथे लेगियम म्हणतात, ते कुटायचा माझा लोखंडी खल आणि बत्ता वसंतेस द्यावा. साठ वर्षे या घरात लेगियम मीच केले. सुंठ, ओवा, पिंपळी कुटायची, गुळाच्या पाकात घोटायची, वर तूप आणि मध. पहाटे अंगाला तेल, मग शिकेकाई लावून न्हाणे, मग नवे कपडे आणि फराळाच्या आधी आवळ्याएवढा लेगियमचा गोळा, हा इथला क्रम. कृती वसंतेला तोंडपाठ आहे, पण ती पिंपळी नेहमी कमी घालते. खल जड आहे. मैसूरला नेताना मुलाने कुरकुर केली तर त्याला माझे नाव सांगावे.

वसंतेला हे देण्याचे कारण आहे. माझा नवरा गेल्यावरची पहिली दीपावळी. सगळ्या मुलींना नवे परकर आले, मला पांढरे सुती लुगडे आले. वसंता पाच वर्षांची. ती आपला जांभळा, जरीचा परकर पोटाशी धरून कोठारात आली आणि म्हणाली, "अक्का, तू घाल. मी दारात उभी राहते. कोणी आले तर खोकते." मी घातला. तो मला गुडघ्यापर्यंतच येत होता. इतक्यात थोरल्या काकू तांदूळ न्यायला आल्या, आणि ही खोकायच्या ऐवजी मोठ्याने रडू लागली! मी परकरासकट भाताच्या कणगीत उडी मारली. कोंड्याने मला शिंका सुटल्या. काकूंनी मला कान धरून बाहेर काढले तेव्हा जरीत कोंडा, केसांत कोंडा, नाकात कोंडा. मार वसंतेला बसला. काकू मला मारत नव्हत्या. त्या वर्षी मला कोणी मारतसुद्धा नव्हते. वसंता, तुझ्या परकराची जर गेली, त्याची भरपाई म्हणून हा खल समज. बरोबरीची भरपाई नाही, ठाऊक आहे मला.

कलम चौथे. हे देण्याघेण्याचे नाही, कबुलीचे आहे. असले कलम मृत्युपत्रात बसत नाही असे हनुमंतराव म्हणतात. बसवा, म्हटले मी.

त्याच दीपावळीच्या पहाटे परसात पाटावर सगळी मुले तेल लावून बसली होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन सारख्या पितळी वाट्या होत्या. एकीत भिजवलेली शिकेकाई, दुसरीत लेगियम. समईच्या उजेडात दोन्ही काळपट, दोन्ही चिकट. वाट्या न्यायचे काम नरसूकडे होते. त्याने एक वाटी परसात नेली आणि दुसरी देवापुढे ठेवली. किट्टू सहा वर्षांचा, पण खादाड असा, की न्हाण्याआधीच लेगियमची चोरी करायचा. त्याने अंधारात देवापुढच्या वाटीत हात घातला आणि मूठभर गोळा तोंडात कोंबला. ती शिकेकाई! तोंडातून फेस येऊ लागला. "अय्यो, मुलाला फेफरे आले," म्हणून धाकट्या काकूंनी टाहो फोडला, काका तेलाच्या अंगाने वैद्याकडे धावले. इकडे परसात थोरल्या काकू नरसूच्या डोक्याला शिकेकाई म्हणून लेगियम चोळत होत्या. तूप, गूळ, मध! चार घंगाळे पाणी ओतले तरी निघेना. दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात मुंग्यांची रांग लागली. शेवटी न्हाव्याला बोलावून नरसूची शेंडी तेवढी ठेवली.

वाट्या नरसूने मुद्दाम बदलल्या असे ठरले आणि त्याला सणाच्या दिवशी फोक बसले. पुढे साठ वर्षे दर दीपावळीला ही गोष्ट निघायची. दोघांना बायका आल्या, मुले झाली, नातवंडे झाली. सगळी ओट्यावर गोळा व्हायची आणि किट्टू तोंड फुगवून फेस काढून दाखवायचा. नरसू म्हणायचा, "देवाशपथ, मी नाही बदलल्या रे." किट्टू म्हणायचा, "मग काय वाट्यांना पाय फुटले?" हसून हसून पोरांच्या पोटात दुखायचे.

वाट्या मी बदलल्या होत्या. मला त्या पहाटे तेल लावले नाही. "तू आत बैस," एवढेच थोरल्या काकू म्हणाल्या. परसातून हसणे ऐकू येत होते. मला इतका राग आला की काहीतरी मोडावेसे वाटले. मोडायला धजले नाही, म्हणून दोन वाट्यांची जागा बदलली. नरसूला फोक बसत होते तेव्हा मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होते. नवरा गेल्यावर पहिल्यांदा हसले ती तेव्हा. मग सांगायची सोय उरली नाही. आधी भीती वाटली, मग लाज वाटली, आणि मग गोष्ट इतकी रंगत गेली की खरे सांगून ती बिघडवणे जिवावर आले. नरसू, तुझा मार माझा होता. मला क्षमा कर.

कलम पाचवे. घर. हनुमंतराव तीन दिवस या कलमाशी येऊन थांबत आहेत.

वडील गेले, मागून आई गेली, आणि घर माझ्याकडे आले ते मरेपर्यंत राहण्यापुरते. विकता येत नव्हते, कोणाला देता येत नव्हते. माझ्यामागे ते नरसू आणि किट्टूचे, हे जुन्या कायद्याने ठरलेलेच होते. ठरलेले होते म्हणून त्यावर कोणी बोलत नसे. दोघे सहकुटुंब यायचे, वसंता मैसूरहून यायची, चार दिवस घरात पाय ठेवायला जागा नसायची. गेल्या वर्षी सरकारने नवा कायदा केला. हनुमंतराव पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "अंबुजाबाई, घर आता सर्वस्वी तुमचे. ज्याला हवे त्याला द्या." मी पेढा खाल्ला. मला काय ठाऊक, पुढे काय वाढून ठेवले आहे!

महिन्याभरात नरसूचे पत्र: किट्टू तुझे कान भरतो आहे, तो येणार असेल तर मी येत नाही. आठ दिवसांनी किट्टूचे: लहानपणी त्याने वाट्या बदलल्या, आता तुझे मन बदलतो आहे, तो येणार असेल तर मी येत नाही. मग वसंता तरी कशी येणार? सख्ख्या भावाला दुखवून, की नरसूला? गेल्या दीपावळीला मी एकटीने दिवा लावला. सीतालक्ष्मी दारात येऊन दीपावळीच्या इथल्या रीतीप्रमाणे "गंगास्नान झाले का?" विचारून गेली. मी झाले म्हटले आणि आत जाऊन रडले. सरकारने मला हक्क दिला आणि माझी माणसे नेली. तक्रार करू तरी कोणाकडे?

घर नरसूला दिले तर किट्टू या गल्लीत पाऊल टाकणार नाही. किट्टूला दिले तर नरसू नाही. वसंतेला दिले तर दोघे मिळून तिच्यावर उठतील; तेवढ्यापुरते तरी ते एक होतील, पण तिला रडवून. मी हनुमंतरावांना म्हटले, अशी अट घाला की दर दीपावळीला तिघांनी इथे जमावे, नाहीतर घर जावे. ते म्हणाले, "ही अट टिकायची नाही. आणि जमले की नाही, हे बघणार कोण?" मठाला द्यावे म्हटले, तर माझी भावंडे आपल्याच घरी परक्या पंगतीला बसणार. मी हात टेकले.

तेव्हा असे लिहिते. हे घर, परस आणि विहिरीसह, माझ्यामागे नरसिंह, गोपालकृष्ण आणि वसंता या तिघांस सारख्या वाट्याने मिळावे. हे लिहून झाल्यावर हनुमंतराव हळूच म्हणाले, "तुम्ही काहीच लिहिले नसते तरी नव्या कायद्याने असेच झाले असते." असू दे. लिहिले नसते तर अक्काच्या मनात कोण होते, यावर तुम्ही उरलेले आयुष्य भांडला असता. तिघे होते.

तुम्ही हे घर विकाल, मला दिसते आहे. मी हनुमंतरावांना विचारले, विकायला काय लागते? ते म्हणाले, "तिघांच्या सह्या. रजिस्ट्रार कचेरीत." तिघांनी इथे येऊन? "होय." मला इतका आनंद झाला की मी त्यांना दुसऱ्यांदा कॉफी दिली. चला, घर विकायला का होईना, एका दिवशी, एका गावी, एका बाकावर तिघे बसतील! माणूस प्रामाणिक असला की पंचाईत होते. दुसऱ्या दिवशी ते येऊन म्हणाले, "अंबुजाबाई, एक सांगायचे राहिले. स्वतः आले नाहीत तरी मुखत्यारपत्र पाठवून सही करवता येते." ते बंद करा, म्हटले मी. तेही कायद्याने बंद करता येत नाही.

म्हणून पुढचे हुकूम म्हणून लिहीत नाही. हुकूम करण्याइतके माझ्या हातात काही उरलेले नाही.

नरसू, किट्टू, वसंता, सही करायला स्वतः या. आदल्या दिवशी या. घर विका, दर ठरवताना भांडा, पण समोरासमोर बसून भांडा. मुखत्यार पाठवू नका रे.

लिहून देणार: अंबुजाबाई. वाचून दाखवले, ऐकले, जिथे माझे शब्द बदलले होते तिथे पुन्हा घालून घेतले आणि डोळे पुसून सही केली. सही वाकडी आहे ती त्यामुळे.

साक्षीदार: डॉक्टर वरदराज (सतरा नव्वे त्यांनी सही करण्याआधी बरोबर सांगितले). स्वामीनाथ अय्यर, सीतालक्ष्मीचे यजमान. यांना मराठी येत नाही, अंबुजाबाईंनी त्यांच्यासमक्ष सही केली एवढ्यापुरती यांची साक्ष.

लिहिणार: वकील हनुमंतराव.

मुक्काम कुंभकोणम, हेविळंबी संवत्सर, आश्विन महिना, तारीख ८ ऑक्टोबर १९५७. दीपावळीस दोन आठवडे बाकी. तिघांनाही कार्डे टाकली आहेत, उत्तर कोणाचे आलेले नाही.