आईने मोजलेले श्वास

४ जानेवारी

ती. आई व बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या अक्षरातलं आईचं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे आईच्या मजकुरापेक्षा बाबांचे कंस जास्त. बाबांना आठ दिवस खोकला आहे ही बातमी मात्र अगदी शेवटी, पत्ता लिहायची जागा उरली होती तिथे. ती पहिल्या ओळीत हवी होती.

इथे खाणीची धूळ आणि थंडी एकत्र आली आहे. रोज साठ-सत्तर रुग्ण, निम्मी लहान मुलं, बहुतेकांच्या छातीचीच तक्रार. एक्स-रे नाही. माझ्याकडे स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. काल सात महिन्यांची एक मुलगी आणली. मिनिटाला अडुसष्ट श्वास, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. पहिलं इंजेक्शन देऊन तिला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं. वरिष्ठ डॉक्टर स्वतःच आजारी, रजेवर. मी निघाले तर दवाखान्याला कुलूप लागेल, म्हणून येत नाही. फोनची लाइन महिनाभर बंद आहे.

आई, तू एक काम कर. बाबा शांत बसलेले असताना त्यांचे श्वास मोज. पूर्ण एक मिनिट. छाती वर आली की एक. जिना चढून आल्या आल्या नको. आणि मोजतेयस हे त्यांना कळू देऊ नकोस; कळलं की माणूस श्वास सांभाळून घेतो. मी रुग्णाची नाडी धरल्याचं नाटक करते आणि बघते छातीकडे. (बाबा, हे तुम्हीच वाचून दाखवताय. ही ओळ वाचून झाली की विसरा.)

वीसच्या आत असतील तर चिंता नाही. वीस ते तीसच्या मधे असतील तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा. तीस किंवा जास्त झाले, किंवा बोलण्यात गोंधळ वाटला, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालय, आणि मला तार. मी कुलूप लावून निघेन. बाबांचं वय सदुसष्ट आहे. न्यूमोनियात पासष्टच्या पुढचं वयही धोक्यात धरतात.

लोभ असू द्या, आणि खिडकी थोडी उघडी.

आपली,
टाचणी


८ जानेवारी

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

आई सांगते आहे, मी लिहितो आहे. पत्र पोचलं. आई म्हणते, एवढ्या धुळीत तू तोंडाला फडकं बांधतेस की नाही. (बांधत असेल. लहानपणी तुझं तोंड बंद करायला आम्हाला एवढी सोय नव्हती.) आई म्हणते, मी ऐकत नाही, स्वेटर काढून बसतो. (स्वेटर तिनंच विणलाय. टोचतो. हे तिला वाचून दाखवणार नाही.)

तुझ्या सांगण्याप्रमाणे काल दुपारी मी पेपर वाचत असताना तिनं मोजले. कारखान्यात ती पेले खोक्यात भरायची तेव्हापासून तिचं गणित डझनात चालतं, ते अजून तसंच. दीड डझन झाले. (चाळीस वर्षं नळीला तोंड लावून तापलेली काच फुंकली. तेवढे पेले फुगवणाऱ्या छातीला दीड डझन म्हणजे जरा जास्तच. म्हातारपण, दुसरं काय.) ताप निन्याण्णव. भूक आहे.

त्या सात महिन्यांच्या मुलीचं काय झालं ते जरूर लिही. आईही विचारते आहे. तू तिथे आहेस ते बरं आहे. कुलूप वगैरे मनात आणू नकोस.

आम्हा दोघांचा लोभ आहे तसाच, त्याला खोकला नाही.

तुझे,
आई (अक्षर बाबांचं)


११ जानेवारी

ती. आई व बाबांस,
सा. न. वि. वि.

दीड डझन म्हणजे अठरा. आई, छान मोजलंस. ताप नाही, श्वास अठरा, भूक आहे. म्हणजे हा श्वासनलिकेचा साधा दाह, बहुतेक विषाणूंचा. अँटिबायोटिक घेऊन यात फारसा फरक पडत नाही. खोकला तीन आठवडे चालतो, लोक आठव्या दिवशी धीर सोडतात. कोपऱ्यावरचा औषधवाला गोळ्या देईल, घेऊ नका. पाणी प्या. इथे मी हे रोज वीस जणांना समजावते आणि वीसही जण नाराज होऊन जातात. बाबा एकविसावे.

श्वास रोज मोजत राहा. तीसचा नियम कायम आहे. मी इतकी निश्चिंत आहे याचं कारण असं, की कारखान्यात आपल्या पेल्यांच्या नोंदवहीत बाबांनी चाळीस वर्षांत कधी खाडाखोड केली नाही.

ती मुलगी वाचली. काल तिची आई दाखवायला घेऊन आली होती. मुलगी माझ्या अंगावर ओकली.

लोभाचा डोस चालू ठेवावा, तो मधेच बंद करू नये.

आपली,
टाचणी


१४ जानेवारी

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

आज मीच लिहितो, आई कामात आहे. मुलगी वाचली हे वाचून फार बरं वाटलं. दोनदा वाचलं. श्वास दीड डझन. ताप नाही. कागद मांडीवर ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं. काम सोडून येऊ नकोस.

लोभ आहे. तो मोजत बसू नकोस.

बाबा


३० जानेवारी

चि. टाचणीस,
मावशीचे अ. उ. आ.

तू दवाखान्यावर परत सुखरूप पोचलीस हे तुझ्या कार्डावरून कळलं. मी अजून ताईकडेच आहे. शिवणाचं मशीनही इथेच आणून घेतलं. ती जेवते, पण समोर बसून जेववावं लागतं.

ती रोज एकच विचारते, माझं मोजणं चुकलं का, म्हणून लिहिते. तू आलीस तेव्हा भावोजी रुग्णालयात श्वासाच्या मशीनवर होते. ते गेल्यानंतरचे दिवस कसे सरले ते तुलाही माहीत आहे, तेव्हा हे बोलणं निघालंच नाही. १६ तारखेला मी सहज आले तर ते पलंगावर बसून भट्टी विझली म्हणून ओरडत होते, मला ओळखेनात. मीच टॅक्सी आणली. ताई म्हणत होती, टाचणीला रोज कळवतोय, तिनं काळजी करू नका म्हणून लिहिलंय.

ताई म्हणते, ७ तारखेपासून तिनं रोज मोजले. रोज दोन डझन आणि वर सहा. शेवटचे दोन दिवस तीन डझन. हात लावला तर अंग भाजायचं. ती आकडा सांगायची, भावोजी मान हलवून लिहायचे. टाचणीनं काय लिहिलंय विचारलं की म्हणायचे, पाणी प्यायला सांगितलंय. आता तिनं मनाशी धरलंय की आपण शाळेत गेलो नाही, आपलंच मोजणं चुकलं, म्हणून पोरीला कळलं नाही.

मी तुझी दोन्ही पत्रं ट्रंकेतून काढून वाचली. ताईला काही बोलले नाही. तू शहाणी आहेस. तिला एवढंच लिही की वय झालं होतं, कुणाच्या हातात नव्हतं. पंचेचाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्यानं आपल्याला फसवलं, हे कळून ती उरलेली वर्षं कशी काढेल?

माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस, मी तुझं वाईट सांगत नाही.

मावशी


२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पुढचा मजकूर आईसाठी आहे. तिला पूर्ण वाचून दाखव. तिला रडू आलं तर थांब, पण नंतर तिथूनच पुढे वाच. एकही ओळ गाळू नकोस. गाळून वाचल्याने काय होतं ते आपण पाहिलं.

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू चुकली नाहीस. दोन डझन आणि सहा म्हणजे तीस. तीस झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, असं मी ४ तारखेला लिहिलं होतं. ते बाबांनी तुला वाचून दाखवलं नाही. तुझा आकडा बदलून मला दीड डझन लिहिलं. तापाचंही खरं लिहिलं नाही. मी त्यावरून गोळ्या घेऊ नका म्हणून कळवलं. अठरा श्वासांच्या माणसाला तो सल्ला बरोबर होता. बाबांना तो लागू नव्हता.

का केलं हे त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. मी निघाले तर कुलूप लागेल, हे मीच लिहिलं होतं. ८ ते १६ तारखेपर्यंत मी इथे एकोणीस मुलांना न्यूमोनियाची औषधं सुरू केली, चौघांना पुढे पाठवलं. त्यातलं एक गेलं. बाबांच्या बाजूने हे आकडे मांडता येतील. मी मांडणार नाही. त्यांनी आपल्या दोघींना विचारलं नाही. आणि कुलूप शेवटी लागलंच, नऊ दिवस.

माझी चूक वेगळी आहे. रुग्णाचे श्वास रुग्णालाच विचारायचे नसतात, हे मी इथल्या सिस्टरला पहिल्या दिवशी शिकवलं. वडिलांचे मात्र त्यांच्याच हातून मागवले. अक्षर कुणाचं आहे हे मला प्रत्येक ओळीत दिसत होतं. १४ तारखेच्या पत्रात तू नव्हतीस, तेही दिसलं. अक्षर वाकडं का, त्याचं कारण दिलेलं होतं, ते मी मान्य केलं. इथे कुणाचं केलं नसतं.

७ तारखेलाच औषध सुरू झालं असतं तर ते वाचले असते का? बहुतेक वाचले असते. खात्रीने सांगता येत नाही. याहून नेमकं मला ठाऊक नाही, आणि याहून मऊ करून सांगणार नाही.

तू नऊ दिवस त्यांच्यासमोर बसून एकही न चुकवता श्वास मोजलेस. त्या घरात खरा आकडा फक्त तुझ्याकडे होता.

आता तू सांग, मावशी लिहील. माझ्यावर राग असेल तर तो, बाबांवर असेल तर तो. तू बोलशील तसंच्या तसं, कंस न घालता. मी सोमवारी टपालाची वाट बघेन. लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

तुझी,
टाचणी