खिशावरचा हात

दि. ३

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुमची बस आत्ताच कुठे वेशीबाहेर पडली असेल आणि मी शिवणयंत्रावर कागद ठेवून लिहायला बसले आहे. तुम्ही लॉजवर टेकता न टेकता तोच पाठोपाठ माझी कटकट हजर. डॉक्टरांनी तुला झोप यावी म्हणून महिनाभर हवापालट सांगितला आहे, ताईपासून सुटका सांगितलेली नाही.

निघायच्या गडबडीत तू नुसती मान डोलावत होतास, म्हणून पुन्हा लिहिते. कोटाला आतून शिवलेला खिसा प्रवासी चेकसाठी. त्याला दोन बटणं आणि वर पट्टी आहे. माझा शिवणकामात जन्म गेला तरी मलाही तो एका हाताने उघडता येत नाही, मग चोराची काय कथा. रोजच्या खर्चापुरते पैसे पाकिटात. ओळखपत्रं तुझ्या बायकोच्या पर्समध्ये, म्हणजे एका फटक्यात सगळं जायला नको. चेकच्या नंबरांची चिठ्ठी माझ्याकडे, यंत्राच्या खणात. आणि बँकेतल्या बाईंनी सांगितलेलं विसरू नकोस. वरची सही तू इथे त्यांच्यासमोर केलीस, खालची तिथल्या कॅशियरच्या डोळ्यांदेखत करायची. दोन्ही जुळल्या की पैसे. आधीच करून ठेवायची नाही.

शेवटचं म्हणजे, खिशाला सारखा हात लावू नकोस रे. बाबांनी दुकानात पाठवलं की तू रस्ताभर खिसा चाचपत जायचास, सगळ्या गल्लीला कळायचं की पोराकडे पैसे आहेत. घड्याळजी झालास, केस पिकायला लागले, चाळा काही गेला नाही. हात जातो तिथे चोराची नजर जाते.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. मला विसरलास तरी रागावणार नाही, पण खिसा विसर.

तुझी,
ताई


दि. ८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, कटकट पोचली. हिने दोन्ही मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझी यथेच्छ टर उडवली. खोली वरच्या मजल्यावर आहे. एक खिडकी उताराकडे उघडते, दुसरी रस्त्यापलीकडच्या बँकेकडे, म्हणजे तुझ्या जिवाला बरं. हवा थंड आहे. झोप मात्र अजून रुसलेलीच आहे.

काल पहिला चेक वटवला. कॅशियर जाड भिंगाचा, सभ्य माणूस. सह्या जुळल्या, पैसे मिळाले. फक्त निघताना त्याने विचारलं, की कालच्यासारख्याच सुट्ट्या नोटा हव्या आहेत का. मी म्हटलं, काल मी आलोच नव्हतो. तो हसला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

आणखी एक गंमत. इथल्या जिन्यातलं घड्याळ आम्ही आलो तेव्हा बंद होतं. माझे हात शिवशिवत होते. आज मालकाला विचारून स्टूल आणलं, तर घड्याळ चालू. उत्सुकता म्हणून उघडलं. तुला ठाऊक आहे, दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळात मी सुईने बारीकशी चांदणी कोरतो. ती चांदणी आत होती, ओरखडा अगदी ताजा. मालक म्हणाला, की सकाळी तुम्हीच तर स्टुलावर चढला होतात. हवापालटाचा गुण बघ, मी आता दोन-दोन ठिकाणी दिसू लागलो.

हसलीस ना? हसत राहा आणि माझ्यावर लोभ ठेव.

तुझा,
धाकटा


दि. १२

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हसले, पण अर्धंच. झोपेच्या तारेत तूच घड्याळ लावलं असशील आणि विसरला असशील. चांदणीचं मला फार नवल वाटत नाही, तशी खूण आणखीही कोणी करत असेल. कॅशियरचं मात्र आवडलं नाही. तुझ्या नावावर कोणी डल्ला मारत नाही ना, ते बघ. पुढच्या वेळी बँकेच्या खिडकीवर बायकोलाही बरोबर ने. कोट अंगावेगळा करू नकोस, झोपतानाही उशाशी घे.

माझ्याकडे काम डोक्यावरून चाललं आहे. भिंतीवरचं घड्याळ बंदच आहे. तू वर्षभर बघतो बघतो म्हणतोस, पण परक्यांची घड्याळं आधी.

खुशाली लवकर कळव, जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी,
ताई


दि. १६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र हिला न दाखवता लिहितो आहे.

आज बँकेत खिसा उघडला. दोन्ही बटणं लावलेली होती, पट्टी जागच्या जागी. चेक काढला, तर त्यावर खालची सही आधीच केलेली. ताई, ती मी केलेली नाही आणि ती माझीच आहे. शेवटचं अक्षर संपताना मी पेन जरा वर झटकतो, तो झटकाही तसाच. कॅशियर म्हणाला, की नियमाप्रमाणे माझ्यासमोर मागच्या बाजूला पुन्हा करा. मी केली. त्याने चेक उलटसुलट करून पाहिला, चष्मा कपाळावर चढवून पाहिला. वरची आणि खालची एकाच हाताच्या होत्या. मागची, जी मी आत्ता सगळ्यांसमोर केली, ती दुसऱ्याची वाटत होती. मलाही तसंच वाटलं. पैसे मिळाले नाहीत. तो मऊ आवाजात म्हणाला, की आपल्या आधीच्या सह्या जास्त चांगल्या होत्या.

आज ही माझ्यासोबत बँकेत आली नव्हती. पण संध्याकाळी हिने सांगितलं, की दुपारी मी तिला उतारावर भेटलो आणि खूप दूर चालत नेलं. मी दुपारभर बँकेबाहेरच्या बाकावर बसून होतो.

तू म्हणतेस खिसा चाचपू नकोस. कसं सांगू, हात लावला की तो आतून गरम लागतो, आत्ताच कुणीतरी हात काढून घेतल्यासारखा. मला भीती वाटते. काय करू ते कळव.

तुझा,
धाकटा


दि. १९

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. दुकान बंद केलं आणि तशीच बँकेत गेले. बाई भल्या आहेत. चिठ्ठीवरचे नंबर वाचून दाखवले, त्यांनी उरलेले सगळे चेक रद्द केले. आता ते कोणाच्याही हाती लागले तरी नुसता कागद. तिथल्या बँकेला तार गेली आहे. ओळखपत्र दाखवून, अर्जावर सही करून नवे चेक घे. सही जुळली की लगेच देतील. मनाला जरा थंडावा मिळाला, की काहीतरी केलं.

ते घेतलेस की गाशा गुंडाळ आणि घरी ये. झोप इथेही येईल, मी उशाशी बसेन. तुझ्या बायकोला सगळं सांग, असली गोष्ट एकट्याने पोटात ठेवायची नसते.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई


दि. २१

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

उद्या सकाळच्या बसने आम्ही निघतो. आनंदाची बातमी म्हणजे ह्यांची तब्येत एकदम सुधारली. तुमचं पत्र आज आलं तेव्हा हे फिरायला गेले होते. परत आले ते हसतमुख, कोटाशिवाय. म्हणाले, राहिला कुठेतरी. एवढ्या थंडीत! मी शोधायला निघाले तर नको म्हणाले. तुम्ही खिसा इतका मन लावून शिवला होतात, वाईट वाटून घेऊ नका.

ह्यांनी तुमचं पत्र वाचलं आणि माझ्या पर्समधलं ओळखपत्र घेऊन आम्ही लगेच बँकेत गेलो. सही पहिल्या फटक्यात जुळली. कॅशियरही म्हणाला, की आज बरोबर आली. दुपारी हे गाढ झोपले. हाक मारली तरी कूस बदलली नाही. आणि वन्सं, तुम्हाला पेढे वाटावेसे वाटतील. ह्यांची खिसा चाचपायची सवय गेली! नवे चेक वरच्या खिशात टाकले आणि रस्ताभर हात मोकळे सोडून चालले.

माझी थट्टा तेवढी करत नाहीत. शांतपणे सगळं ऐकून घेतात. संध्याकाळी जिन्यात एक माणूस उभा होता, ह्यांच्या कोटासारखाच कोट घातलेला. त्याने मला नावाने हाक मारली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तसे कोट पुष्कळ असतात.

बाकी भेटीत. तोवर आम्हा दोघांवर माया असू द्या.

तुमची,
भावजय


दि. २२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बँकेबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे, उत्तर बँकेच्या पत्त्यावर टाक. पेन्सिल मागून घेतली आहे, अक्षर लावून घे.

काल फिरून आलो तर मालकाने जिन्यातच अडवलं. म्हणाला, वरचे पाहुणे वरच आहेत, आपण कोण? वरून हिच्या हसण्याचा आवाज येत होता. मी हाक मारली. हिने दार उघडून खाली पाहिलं. अनोळखी माणसाला ओशाळवाणं हसून दाखवतात तशी हसली आणि दार लावून घेतलं. आज सकाळची बस मी रस्त्याच्या कडेने पाहिली. खिडकीशी ती होती, तिच्या शेजारी मी.

बँकेत गेलो. कॅशियरने कोरा कागद पुढे केला. मी सही केली. त्याने नकारार्थी मान हलवली. मी त्याच्या जागी असतो तर मीही हलवली असती.

कोट माझ्याकडे आहे. खिसा रिकामा आहे आणि मी तो सारखा चाचपतो आहे, रागावू नकोस. पैसे पाठवू नकोस, ते मला कोणी देणार नाही. मला ओळखणारं माणूस पाठव. ताई, तू ये.

अजून तरी तुझाच,
धाकटा


दि. २५

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज आलं. पाकिटावर तुझं अक्षर आहे आणि आतल्या खोलीत तू चहा पितो आहेस.

तो आला तेव्हा मी दारात उभी होते. वाकून नमस्कार केला, बाबांची आठवण काढली, सगळं बिनचूक. आल्या आल्या त्याने भिंतीवरचं घड्याळ लावून दिलं. तू ते वर्षभर टाळलं होतंस. काल मी त्याच्या हातात पैसे ठेवले आणि धागे आणायला पाठवलं. दुकानाच्या पायरीवरून बघत राहिले. गल्लीच्या टोकापर्यंत गेला, परत आला, हात एकदाही खिशाकडे गेला नाही. तुझी बायको कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मला रडू आलं. तिला वाटलं आनंदाचं. पोरीला इतक्यात काही सांगवत नाही.

ह्या सगळ्याला माझाही हात लागला. मी चेक रद्द केले, ओळखपत्र तुझ्यापासून वेगळं ठेवायला लावलं. जे जे तुझ्या रक्षणासाठी केलं, ते नेमकं त्याच्या कामी आलं.

आत्ता तो दारात येऊन गेला. कोणाला लिहितेस विचारलं. गिऱ्हाइकाला म्हटलं. म्हणाला, दे, मी पेटीत टाकून येतो. मी दिलं नाही. मीच टाकेन आणि त्याच्या पाठोपाठ बसने निघेन.

बाकावरून हलू नकोस. कोणी कागद पुढे केला तर सही करू नकोस. तिथे आणखी कोणी तुझ्यासारखं दिसणारं असेल तर मला ओळखता यायला हवं. म्हणून जन्मभर तुला जे करू नकोस म्हणत आले, तेच आता कर. खिशावर हात ठेव, आणि मी येईपर्यंत काढू नकोस.

तुझीच,
ताई