जिवंत बाबांसाठी जपमाळ

आंतिग्वा, ८ ऑक्टोबर १९८६

ती. केइलाताईस,
ओबेदचा प्रभूत सप्रेम सलाम वि. वि.

छापखान्यातलं काम ठीक. रविवारी लुसिलाकडे जेवतो. तिच्या हातचं कोंबडीचं कालवण तुझ्यापेक्षा सरस असतं, रागावू नकोस.

ताई, मी फार वाईट वागलोय. पहिल्याच भेटीत तिच्या वडिलांनी, डॉन रोलांदोंनी, हसत विचारलं, बाजारात कर्णा लावून ओरडणाऱ्या हालेलुयावाल्यांतला तर नाहीस ना? आपले बाबा तेच करतात, तरी मी नाही म्हटलं. वडील काय करतात विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, ते वारले. तेव्हापासून ते कॅथलिक घर रोज संध्याकाळी बाबांच्या आत्म्यासाठी जपमाळ ओढतं आणि मी गेलो की शेजारी गुडघे टेकून आमेन म्हणतो. जेवणाआधीची आपली प्रार्थनासुद्धा कपाळ खाजवल्याचं नाटक करून उरकतो.

पुढच्या महिन्यात लुसिलाला मागणी घालायला काकांना पाठव. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. माया कमी करू नकोस.

तुझा ओबेद

*

साल्काहा, १५ ऑक्टोबर

चि. ओबेदास,
आशीर्वाद.

बाबांची नजर गेल्यापासून तुझी पत्रं मीच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते, हे विसरलास? कालवणावर बाबा हसले, म्हणून मी तशीच पुढे वाचत गेले. थांबले तेव्हा त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाबांनी चाचपत टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. मग म्हणाले, मला मेलेलं म्हणाला ते असू दे. पण ती भली माणसं उगाच गुडघे झिजवतायत. त्यांना सांग म्हणावं, माणूस मेल्यानंतरच्या जपानं तरत नाही. वधस्तंभावरच्या ख्रिस्तानं तरतो, आणि जिवंतपणी त्याच्यावर विश्वास ठेवला तरच. त्यांच्याच घरात सांग, आणि गोड करून सांगू नकोस.

मी मात्र बाबांइतकी भली नाही. बाबांच्या प्रचारावर चिडून लोक आपल्या पत्र्यावर दगड मारायचे तेव्हा त्यांच्याच पाठीमागे लपायचास ना रे? काका येणार नाहीत.

तरीही तुझी,
केइला

*

आंतिग्वा, २७ ऑक्टोबर

ती. ताईस सलाम वि. वि.

काल जपमाळ सुरू व्हायच्या आधीच सांगितलं. बाबा जिवंत आहेत, कर्णा लावून शुभवर्तमान सांगतात आणि माझाही विश्वास तोच आहे. बाबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

डॉन रोलांदो ओरडले नाहीत. म्हणाले, हालेलुयावाला जावई मी कुरकुरत का होईना, चालवून घेतला असता. जित्या बापाला पुरणाऱ्याला मुलगी देणार नाही. लुसिला रडली, पण वडिलांच्या शेजारून उठली नाही. त्यांचं खरं होतं.

शनिवारच्या बसनं येतोय. रविवारी बाजारात कर्णा मी धरीन, बाबांना विचार चालेल का. त्यांच्या शेजारी उभं राहायची अजून लाज वाटते, ताई. आजवर त्यांची वाटायची, आता माझी वाटते.

घरात घ्याल ना?

ओबेद