उत्तर चौथ्या दिवशी आलं

प्रिय,

पुढे काहीच लिहिलेलं नाही, आणि 'प्रिय'सुद्धा एवढ्यासाठीच आहे की पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही. त्यातून अर्थ काढत बसू नकोस.

येत्या शुक्रवारी तू तुझ्या पहिल्या पुस्तकाच्या करारावर सही करणार आहेस, आणि तीही माझ्याच प्रकाशकाकडे, असं त्यांच्या ऑफिसातून कळलं. अभिनंदन करणार नाही. तू नोकरी सोडून गेलास त्याला दोन वर्षं झाली, तेवढीच आपण न बोलल्याला. तुझ्या जागी आलेला माणूस कमी बोलतो आणि किल्ल्या खुंटीवर परत लावतो, म्हणजे इकडे सुधारणाच आहे. पुढे जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी ओळीने लिहिते, कारण माझ्या पुस्तकाची गोष्ट तू लोकांना तुझ्या सोयीच्या क्रमाने सांगतोस असं कानावर आलंय.

सहा वर्षं आपण लिफ्ट दुरुस्तीच्या एकाच गाडीत होतो. कुठे लिफ्ट अडकली की फोन यायचा. मी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, तू मजल्यावर दाराशी. मी चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्याच्या पातळीला आणायची, तू किल्लीने दार उघडायचास. मधल्या वेळात मी इंटरकॉमवरून आतल्या माणसाशी बोलत राहायचं, म्हणजे तो घाबरत नाही, असा नियम होता. काय बोलायचं ते नियमात नव्हतं. न दिसणाऱ्या आवाजाला माणसं काय वाटेल ते सांगतात. मी ते घरी येऊन वहीत लिहायला लागले. एकेचाळीस माणसं झाली तेव्हा ते पुस्तक झालं होतं. मी नाव दिलं 'दोन मजल्यांच्या मधे'. पहिलं वाचन तुझं. गाडीच्या टपावर वही ठेवून तू सलग तीस पानं वाचलीस आणि म्हणालास, बाई गं, तू वर बसून हे ऐकत होतीस होय, मला वाटायचं तेलपाणी करतेस. मला ते आवडलं होतं. हे नोंदीसाठी.

हस्तलिखित मी दोन ठिकाणी पाठवलं. एक त्या एकटीने प्रकाशन चालवणाऱ्या बाई. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, एका खोलीत पुस्तकांचे गठ्ठे, दुसरीत पलंग आणि पलंगावरही गठ्ठे. पाणी द्यायला त्यांना आधी खुर्चीवरून एक कादंबरी उचलावी लागली. वर्षाला चार पुस्तकं काढतात. दुसरे हे तुझे काचेच्या दाराचे. तुझ्या वहिनीचं पुस्तक त्यांनी काढलं होतं, म्हणून पत्ता तू दिलास. त्यांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. बाईंचं तीन महिने झाले तरी नाही. मग मी माझ्या पद्धतीने तक्ता केला: छपाई, वितरण, कराराचा स्पष्टपणा, उत्तराला लागलेला वेळ. प्रत्येक गोष्टीला एक ते पाच वजन. सगळ्यात जास्त वजन, पाच, मी उत्तराच्या वेळेला दिलं. आपल्या धंद्यात दुसरं काय मोजतात? फोन आल्यापासून किती मिनिटांत पोचलो, त्यावर शाबासकी आणि त्यावरच मेमो. चार दिवसांत जो पोचतो तो चांगला, असं मी धरून चालले. त्यांच्या पत्रात 'अत्यंत प्रेरणादायी लेखन' हे दोनदा होतं आणि आतल्या एकाही माणसाचा उल्लेख नव्हता. दोनशे अकरा पानं चार दिवसांत वाचली जात नाहीत, हे मला एरवी सहज दिसलं असतं. पण तक्त्यात 'वाचलं का?' असा रकानाच नव्हता.

तरी मी थांबायला तयार होते, हे तू सांगत नाहीस. रोज जेवणाच्या डब्याबरोबर तू नवा टोमणा उघडायचास. त्या बाईंच्या टेबलावर तुझ्या पुस्तकाला मिशा फुटतील. त्या तुझं शेवटचं पान वाचेपर्यंत लिफ्ट जाऊन जिने परत येतील. छापून आल्याशिवाय पुस्तक नसतं, वही असते. हे शेवटचं लागलं. पाच महिने झाले, आणि एका गुरुवारी मी काचेच्या दारातून आत जाऊन सही केली. बाहेर गाडीत तू हॉर्न वाजवत होतास.

कच्ची मुद्रितं तपासायला त्यांनी दोन दिवस दिले. मी पान क्रमांक, तारखा, मजले, सगळं जुळवलं, एकही चूक राहू दिली नाही. पुढे ज्या चौकटी निघाल्या त्या त्यात नव्हत्या. 'सजावट शेवटी बसते' असं सांगितलं गेलं. छापील प्रत हातात आली तेव्हा पुस्तकाचं नाव 'अडथळ्यांकडून उंचीकडे' होतं. मुखपृष्ठावर इमारतीच्या टोकावर हात पसरून उभी असलेली एक बाई, पायात उंच टाचा. मशीन रूममध्ये तसल्या टाचा घालून कुणी गेलं तर तिला आधी खाली आणावं लागेल. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी निळ्या चौकटीत 'यातून आपण काय शिकलो?' एकेचाळीस माणसं, एकेचाळीस धडे.

ते निवृत्त शिक्षक तुला आठवत असतील. लिफ्ट जागेवर आल्यावर त्यांनी मला इंटरकॉमवरून विचारलं होतं, अजून दहा मिनिटं नाही उघडलंत तर चालेल का? आयुष्यात नियम मोडून मी कुणाला काही दिलं असेल तर ती दहा मिनिटं. त्यांनी पुस्तक विकत घेतलं. त्यांच्या प्रकरणाखाली चौकटीत होतं: 'संयम हीच यशाची किल्ली.' त्यांनी आपल्या ऑफिसात फोन करून मला शोधलं आणि फार सभ्यपणे म्हणाले, मी संयम ठेवला नव्हता हो, मला घरी जायचं नव्हतं. तुम्हाला तर मी ते सांगितलं होतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, असू दे, आणि फोन ठेवला. दुरुस्त करता येत नाही अशी एकच तक्रार मी आजवर घेतली आहे, ती ही.

त्याच दिवशी गाडीत मी तुला चौकटी दाखवल्या आणि तू हसलास. म्हणालास, अगं, वहिनीच्या पुस्तकातही त्यांनी हेच केलं होतं. तिच्या तर दर पानाला चौकट आहे. मी विचारलं, तुला माहीत होतं? तू म्हणालास, छापलं तर गेलं ना. मी गाडीतून उतरले आणि उरलेलं अंतर चालत गेले. तू नंतर चार वेळा सॉरी म्हणालास, चारही वेळा हसत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. आपल्यात ते चाललेलं दिसत नाही: वहिनी ठेचकाळल्या, मी आपटले, आणि आता तू त्याच दगडाकडे नवे बूट घालून निघाला आहेस.

आता एक दुरुस्ती. बाईंचं पत्र सहीच्या दुसऱ्या दिवशी आलं, एका दिवसाने सगळं हुकलं, असं मी तुला सांगितलं होतं. इतरांनाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. पत्र बुधवारी आलं. लिफाफा जाड होता, हस्तलिखित परत आलं असेल असं मी धरलं आणि तो टेबलावर उपडा ठेवला, कारण तक्त्याची बेरीज झाली होती आणि मला ती बदलायची नव्हती. गुरुवारी सही करून आल्यावर फोडला. आत हस्तलिखित नव्हतं. पेन्सिलीने लिहिलेली अकरा पानं होती. एकेका माणसावर वेगळं टिपण. चौथ्या पानावर लिहिलं होतं: आत अडकलेले काय बोलले ते तुम्ही ऐकलंत, दाराबाहेर थांबलेले काय बोलत होते? पुस्तक तिथे अर्धं आहे. मी त्यांना भेटायला गेले. करारानुसार दहा वर्षं तो मजकूर मला दुसरीकडे देता येत नाही, हे सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, दहा वर्षांनी या, मी असले तर. आणि खुर्चीवरचं पुस्तक उचलून मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

तेव्हा तू हॉर्न वाजवलास, पण सही मी केली. तुझ्यावरचा राग यामुळे कमी होत नाही. फक्त आकडा बरोबर असावा.

तुझं हस्तलिखित मी वाचलं. प्रकाशकांनीच पाठवलं. वाईट असेल अशी मला पूर्ण आशा होती. तू अजूनही वाक्याला गरजेपेक्षा दोन शब्द जास्त लावतोस आणि दोन मजल्यांचे क्रमांक चुकले आहेत. पण बाकी, जे दाराबाहेर थांबले होते ते सगळे त्यात आहेत. सहा वर्षं तू किल्ली हातात घेऊन त्यांच्यात उभा होतास आणि मला वाटायचं गप्पा छाटतोस. शिक्षकांच्या सुनेचं प्रकरण मी तीनदा वाचलं. आतून सासरे मला दहा मिनिटं मागत होते तेव्हा बाहेर ती तुला म्हणत होती, घाई नाही हो दादा, तेही बरे आहेत आणि मीही बरी आहे, जरा बसू द्या. आणि जिन्याच्या पायरीवर टेकून तिने चपला काढल्या. मला हे माहीत नव्हतं. तू खाली गाडीत आल्यावर मला का सांगितलं नाहीस? मीही तुला वरचं सांगितलं नव्हतं म्हणा.

तर हे पत्र कशासाठी. प्रकाशकांना तुझ्या मागच्या पानासाठी माझ्या चार ओळी हव्या होत्या. त्यांच्या ऑफिसातली मुलगी फोनवर म्हणाली, आधीच्या लेखिकेची शिफारस असली की नवा लेखक निर्धास्त होतो, सहीच्या आधी त्यांना दाखवू. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या लिहिल्या. तुझ्या पुस्तकाबद्दल दोन, प्रकाशकांबद्दल दोन: माझ्या शब्दाला त्यांनी धक्का लावला नाही वगैरे. उत्तम उतरल्या. तू त्या वाचून मला वाटलं होतं तसाच निर्धास्त झाला असतास, सही केली असतीस, आणि वर्षभराने त्या पायरीखाली निळी चौकट उघडून बघितली असतीस. मला तेच हवं होतं, आणि हवं होतं याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही. पण पाठवण्याआधी सवयीने मजकूर तपासताना, त्या चौकटीत ते काय छापतील ते मला शब्दशः सुचलं: 'नात्यांना थोडी मोकळीक द्या.' इतकं चपखल, की उद्या मला त्यांच्याकडे नोकरी मिळेल. त्या सुनेने चपला काढल्या होत्या रे. तिच्यावर हे नको. मी चार ओळी फाडल्या आणि प्रकाशकांना नाही म्हणून कळवलं. मग सायकलच्या दुकानावर फोन केला. बाई आहेत. ऐकायला कमी येतं, वाचायला नाही. तुझं नाव सांगितलं नाही. एक माणूस येईल एवढंच म्हटलं. पाच महिने लागतील, कदाचित सहा, आणि त्या तुला पेन्सिलीने फाडून खातील. पत्ता मागच्या बाजूला आहे. शुक्रवारी काय केलंस ते मला कळवू नकोस. पुस्तक दुकानात आलं की मी सुनेचं पान काढून खाली काय आहे ते बघेन.

फक्त एवढ्या एका बाबतीत तुझ्याच बाजूची,
मशीन रूममधली