नेवेनाचं चित्र चौकटीवर ताणताना

१२ मार्च, सकाळ
बायकोने, नेवेनाने काढलेलं शेवटचं चित्र गुंडाळून कपाटावर ठेवलंय. ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी लोक जेवायला येतील तेव्हा ते भिंतीवर हवं, असं कालिना व्हिएन्नाहून फोनवर म्हणाली. दुकानात दे बाबा, तू हात लावू नकोस, असंही म्हणाली. पोटची पोरगी, पण बापावर काडीचा भरवसा नाही. जन्मभर सरकारी जमिनी मोजल्या मी. एक कॅनव्हास मोजता येणार नाही?
निश्चय: चौकट स्वतः करणार. कॅनव्हास स्वतः ताणणार.
वाईट वगैरे वाटत नाही. भूकही लागत नाही.

१४ मार्च
कॅनव्हास काठापासून काठापर्यंत मोजला. बरोब्बर त्याच मापाची चौकट केली. चारही कोपरे काटकोनात. शेजारचा गेन्चो बघून गेला. म्हणाला, दोब्री, झकास झालीय रे, पण कापड मागे दुमडून ठोकणार कसं? दुमडायला कापड आणणार कुठून, तुझ्या टकलावरून? आणि हसत सुटला.
हा पहिला नमुना होता, हे त्याला कोण सांगणार.

१५ मार्च
नमुना कापून लहान केला. एका अंगाने जरा जास्तच लहान झाला. करवत जुनी आहे.

१७ मार्च, दुपार
ठोकायला सुरुवात. एका कोपऱ्यापासून निघालो, ओळीने, शिस्तीत. शेवटच्या बाजूला पोहोचतो तो चित्रातल्या द्राक्षांच्या मांडवावर सुरकुत्या, जेवणाच्या टेबलावर सुरकुत्या, नेवेनाच्या भावाच्या तोंडावर सुरकुत्या. मेहुण्याच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही म्हणा.
गेन्चोला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, अरे शहाण्या, आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा मार, समोरासमोर ताणून. मग हळूहळू कोपऱ्यांकडे सरक. हे मला माहीतच होतं. सगळे खिळे उपटले. भोकं पडली आहेत. ती मागे जातील.

१९ मार्च
गेन्चोच्या बायकोने घेवड्याचं सूप पाठवलं. संपवलं. गरम होतं की गार, सांगता येणार नाही.

२० मार्च
उजवीकडे वीतभर पट्टी जास्त उरते. तिच्यावर तपकिरी काहीतरी उभं आहे, तोंड ना डोळे. ब्रश पुसला असणार. दुमडली तर मागे फुगवटा येतो. कापलेली बरी. पण मागाहून कटकट नको म्हणून कालिनाला व्हिडिओ कॉल लावला. आवाज येईना, ती मात्र स्वच्छ दिसत होती. पट्टी फोनसमोर धरली, बोटांची कात्री करून दाखवली. कापू?
तिने मान जोरजोरात आडवी हलवली. म्हणजे हो. आमच्या उभ्या बल्गेरियात तान्हं पोरही असंच हो म्हणतं. वर हातही हलवत होती. आनंद झाला असावा.
कापली.

२२ मार्च
मध्यापासून ठोकलं. टिचकी मारली तर ढोल वाजतो. गेन्चो आला, बघितलं, एकही खोट न काढता निघून गेला. यातच सगळं आलं.
उरलेलं कापड वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. पट्टीच्या चिंध्या करून द्राक्षाचे वेल तारेला बांधून टाकले. यंदा अगदी वेळेवर. हे काम लांबवतो म्हणून नेवेना दरवर्षी ओरडायची.

४ एप्रिल
कालिना आली. कोटसुद्धा काढला नाही, भिंतीसमोर उभी राहिली. म्हणाली, बाबा, उजवी बाजू कुठाय? म्हटलं, तूच हो म्हणालीस. ती किंचाळलीच. म्हणाली, नाही म्हणत होते मी! बारा वर्षं व्हिएन्नात काढून बाईसाहेब आता तिकडच्यासारखी मान हलवतात. त्यांची आडवी म्हणजे नाही. घरच्या मुलीची मानच अशी परकी झाली तर बापाने करायचं काय, असं मी चांगलं सुनावलं.
ती खुर्चीत बसून रडायला लागली. म्हणाली, त्या पट्टीवर तू होतास. तो तपकिरी स्वेटर तुझा. हातात कॉफीचा कप. आई फोनवर म्हणाली होती, सगळे काढून झाले, दोब्रीचं तोंड तेवढं राहिलंय, ते घाईत काढायचं नाही.
मी म्हटलं, मी कुणाला कधी कॉफी नेऊन दिली? म्हणाली, आई आजारी होती तेव्हा रोज सकाळी न्यायचास की.
मला आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं. त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही.

५ एप्रिल, चाळिसावा
पाहुणे यायच्या आत बागेत गेलो. एकेक गाठ सोडली. बहुतेक चिंध्या नुसत्या तपकिरी. एका चिंधीवर कप निघाला, कपाभोवती बोटं. माझीच. अंगठ्याचं वाकडं नखसुद्धा काढलंय तिने.
तिथेच मातीत बसलो आणि ढसाढसा रडलो. वेल सगळे खाली आले होते. घरात लोक विचारायला लागले तेव्हा कालिनाने सांगितलं, बाबा बागेत आहेत, वेल बांधताहेत.