मागच्या चाकाची टिकटिक

वहिनी,

दूध तापवून झाकून ठेवलं आहे. मी दादाची सायकल घेऊन तिगावच्या टेकडीवर चाललो. आईले सांगजा, हेल्मेट घातलं आहे.

दादा गेल्यावर त्या टेकडीच्या उतारावर मी माझ्या सायकलीनं एकदाच गेलो. मागून त्याच्या चाकाची टिकटिक आली, वळून पाहिलं तर नुसती रिकामी पायवाट. तेव्हापासून सायकलीवर मनच बसेना.

काल दुपारी कोठीतून तीच टिकटिक आली. दारातून पाहिलं, तर तुम्ही त्याच्या सायकलीचं मागचं चाक फिरवून कान लावून बसल्या होत्या. ज्या आवाजाले मी भेत होतो, तो तुम्ही मुद्दाम ऐकून राहिल्या होत्या.

परतताना गल्लीच्या उतारावर पेडल मारणार नाही, चाकाले टिकटिकू देईन. खिडकी उघडी ठेवजा.

मयूर